खडीवरची आत्या

नागप्पाला दोन गोष्टींचा अभिमान होता. एक रानातल्या हरभऱ्याचा आणि दुसरा स्वतःच्या मोटारसायकल चालवण्याचा. हरभऱ्याबद्दल इरम्माची काही तक्रार नव्हती. तो खरंच चांगला यायचा, कारण खुरपायला ती असायची. पण मोटारसायकलचा विषय निघाला की ती पदर खोचून चुलीकडं निघून जायची. चालवणाऱ्याला रस्ता डोळ्यांना दिसतो आणि मागं बसणाऱ्याला तो मणक्यात कळतो, असं तिचं मत होतं. हे मत तिनं सारा जन्म नवऱ्याच्या मागं बसून कमावलं होतं.

त्या सकाळी मात्र तीच घाई करत होती. माकणीला तिच्या भावाच्या पोरीचं बारसं होतं आणि ती आत्या.

आत्याशिवाय बारसं म्हणजे नवरदेवाशिवाय वरात. पोर पाळण्यात घातली की आत्यानं वाकायचं, कानात कुर्र करून नाव सांगायचं, आणि ती वाकलेली असतानाच जमलेल्या बायकांनी तिच्या पाठीत धपाधप बुक्के घालायचे, असा रिवाज. या बुक्क्यांची वाट बघता बघता इरम्माचे केस पिकले होते. आई गेली तेव्हा तिचा भाऊ शिवप्पा रांगत होता. तिनंच त्याला कडेवर वागवला, शाळेत घातला, पुढं लग्न लावून दिलं. लग्नाला इतकी वर्षं उलटली की 'काही हाय का?' असं विचारायचंसुद्धा लोकांनी सोडून दिलं होतं. आणि आता देवाला जाग आली ती ही पोर घेऊनच.

पोरीचं नाव इरम्मानं पक्कं केलं होतं. गिरिजा. तिच्या आईचं नाव. शिवप्पाला आईचा चेहरा आठवत नव्हता. निदान नाव तरी त्याच्या घरात रोज हाकेला यावं, एवढीच तिची इच्छा. ही गोष्ट तिनं नवऱ्याशिवाय कुणाला सांगितली नव्हती.

अडचण एकच होती, महेश्वरीची. महेश्वरी तिची चुलतबहीण, माकणीलाच दिलेली. भावजयीचं माहेरही माकणीचं, बाळंतपण नि बारसं तिथंच, तेव्हा बाळंतिणीच्या खाटेपाशी महेश्वरी रोज हजर. तिनंही एक नाव काढून ठेवलं होतं, कुठल्याशा मालिकेतलं. ते म्हणताना जिभेला गाठ पडायची. वर आदल्या दिवशी फोनवर म्हणाली, "अक्का, तू ये निवांत. टायमाला न्हाय पोचलीस तर म्या हायच की इथं. आत्या ती आत्या, सख्खी काय न् चुलत काय!" आणि हसली. त्या हसण्यानं इरम्माची झोप उडाली होती.

तिला एस्टीनं आदल्या दिवशीच जायचं होतं. पण नागप्पाची गाडी मिस्त्रीकडं इंजन उघडून पडलेली. ती संध्याकाळी घरी आली, आणि नवं इंजन केलेली गाडी दारात असताना एस्टीनं जाणं म्हणजे त्याचा जाहीर अपमान.

"अणदूर सोडलं की माकणी ही अशी," तो चुटकी वाजवून म्हणाला. "लोहाऱ्याचा वळसा बी न्हाय घ्यायचा. मधनं नवा रस्ता करायलेत. सरळसोट."

"करायलेत, का केलाय?"

"खडी टाकलीय. खडी म्हणजे अर्धा रस्ताच की."

उरलेला अर्धा कुठं असतो, हे इरम्मानं विचारलं नाही. निघताना वाद घातला की काम नासतं.

हँडलला पिशवी अडकवली. तिच्यात पोरीची कुंची, चांदीचे वाळे आणि घरातला एकुलता एक चालणारा फोन. सीटवर मधोमध अर्धं पोतं हरभरे, बारशाच्या घुगऱ्यांसाठी रात्रीच भिजवून निथळवलेले, जुन्या ट्यूबच्या रबरानं आवळलेलं. पोत्याच्या पुढं नागप्पा, आणि पोत्याच्या मागं, एका अंगाला पाय सोडून, इरम्मा.

डांबरी संपली आणि खडी लागली. नुसती पसरलेली खडी, रोलर न फिरवलेली, आंब्याच्या कोयीएवढाले दगड. नागप्पानं गाडी थांबवली आणि वर्गात मास्तर बोलावा तसा बोलू लागला.

"आता नीट ऐक. खडीवर गाडी चालवायची एक पद्दत असती. ब्रेक दाबायचा न्हाय. हँडल आवळायचं न्हाय. गाडीला जायचं तसं जाऊ द्यायचं, आपण निस्तं संगट ऱ्हायचं. आन् मागं बसणाऱ्यानं हलायचं न्हाय. बोलायचं न्हाय. मागं कोण हाय हे मला कळलंच न्हाय पायजे. पोत्यागत बसायचं."

"पोत्यागत?"

"पोत्यागत. ह्या बारीला बोललीस तर दोघं बी खाली."

आणि खरं सांगायचं तर माणूस चालवत होता चांगलं. चाक इकडं घसरे, तिकडं घसरे, तरी गाडी मुंगुसासारखी पुढं जात राही. इरम्मा दात आवळून बसली. दोन्ही बाजूंना काढलेल्या तुरीची धसकटं होती, ऊन चढत होतं, आणि तिच्या डोक्यात एकच घोकणं चालू होतं: कुर्र, गिरिजा, कुर्र, गिरिजा.

पुढं ओढ्यावर मोरीचं काम निघालं होतं. बाजूनं खडीचा ढीग ओतून कच्चं वळण केलेलं, आणि त्याची चढण अशी की बघूनच नागप्पाचं प्रवचन आटोपलं.

"उतर. पोतं बी उतरव. रिकामी गाडी वर घेतो."

गाडी वर गेली, मागं खडी उडवत. इरम्मा पोतं ओढत, थांबत, माहेरच्या नि सासरच्या दोन्हीकडच्या देवांची नावं घेत चढण चढली. वर नागप्पा गाडीवरच बसलेला, इंजन चालू, दोन्ही पाय खडीत रोवलेले, नजर समोर. खडी वाहणाऱ्या ट्रॅक्टरांची धूळ नको म्हणून नाकाकानावरून उपरणं आवळून बांधलेलं. इरम्मानं पोतं उचलून सीटवर आदळलं. सीट खाली दबली. तिनं रबर ओढून आकड्यात अडकवलं, हात झटकले, आणि पायदानावर पाय ठेवायला गाडीच्या पलीकडच्या अंगाला वळली.

गाडी निघाली.

आधी तिला वाटलं, जरा पुढं घेतायत, सपाट जागा बघून. मग गाडीनं दुसरा गिअर घेतला. मग तिसरा.

"अवो!" इरम्मा ओरडली. "अवो, थांबा!"

रोलरवर बसलेल्या माणसानं रोलर थांबवला. डोक्यावर वैरण घेऊन निघालेला एक म्हातारा थांबला. सायकलवाला पाय टेकून मागं बघायला लागला. त्या माळावर जेवढे म्हणून कुणाचे नवरे होते तेवढे सगळे थांबले. एक तिचा तेवढा थांबला नाही. 'अवो' हे काय एकट्या नागप्पाचं नाव थोडंच होतं! त्याचं खरं नाव तिनं आजवर घेतलं होतं ते उखाण्यात, तेही बायकांनी अडवलं तर, आणि पदराआडून. आता धुळीच्या लोटामागं उखाणा घेत पळायचं का, हाही प्रश्नच होता. त्याचा विचार होईपर्यंत लोट तुरीच्या रानापलीकडं गेला.

रोलरवाला खाली उतरला. बलभीम त्याचं नाव. "काय झालं, मावशी?"

"मालक गेले."

"अरारा!" म्हणून त्यानं डोक्याचा रुमाल काढला.

"गेले म्हंजी पुढं गेले! हरभरे घिऊन!"

बलभीम भला माणूस. त्यानं आपला फोन पुढं केला. पण नंबर? नंबर फोनमध्ये, फोन पिशवीत, आणि पिशवी हँडलला लटकून माकणीकडं निघालेली. शिवप्पाचा आकडा नव्वदनं सुरू होतो एवढंच इरम्माला ठाऊक होतं. बलभीमनं रोलरवर बसून जायचंही सुचवलं, पण रोलरपेक्षा तो वैरणवाला म्हातारा आधी पोचला असता.

इरम्मा चालायला लागली. चपलेखाली खडी करकरत होती आणि डोळ्यांत पाणी येत होतं. ते धुळीचं म्हणून खपवायला जवळ कुणी नव्हतं, म्हणून तिनं सरळ रडून घेतलं. आईचं नाव तिच्या तोंडात तसंच राहणार आणि तिकडं महेश्वरी वाकणार. वरून हसणार.

तेवढ्यात मागून भुर्रभुर्र आवाज आला. मोपेडवर एक भरदार बाई, नऊवारीचा काष्टा घालून, दोन्ही पाय खाली सोडून खडी उकरत येत होती. तोंडानं गाडीला सारखं काहीतरी सांगत होती. इरम्मापाशी येऊन ती थांबली म्हणण्यापेक्षा तिची गाडी तिथं अडकली.

"कुठं निघालाव बाई, ह्या उन्हाचं?"

"माकणीला. भावाच्या पोरीचं बारसं हाय. म्या आत्या हाय." आणि इरम्मानं सगळी हकिकत सांगितली. बाई इतकी हसली की मोपेड बंद पडली.

"बसा," ती डोळे पुसत म्हणाली. "म्या तुळजाबाई. धरणाकडं जायलेय लेकीकडं. दिवाळीपास्नं शिकलेय गाडी. माझी एकच अट हाय. बोलत ऱ्हायचं. मागचं माणूस गप झालं की मला वाटतंय पडलं. सुनंला एकदा पाडलीय म्या, दोन वावरं पुढं गेल्यावर कळलं."

म्हणून इरम्मा बोलत राहिली. जन्मात तिला गाडीवर कुणी बोला म्हटलं नव्हतं. आईचं बोलली, शिवप्पाच्या रांगण्याचं बोलली, महेश्वरीचं तर असं बोलली की तुळजाबाई मधूनच "मेली!" म्हणून हँडल सोडून टाळी द्यायला बघे. गाडी चालत होती गोगलगाईच्या थोरल्या बहिणीसारखी, पण चालत होती. लांबवर धरणाचं पाणी चमकायला लागलं.

आणि समोरून धुळीचा लोट आला.

गाडी नागप्पाची होती. मागं शिवप्पा बसलेला, बारशाचा नवा सदरा घालून. नागप्पा डाव्या अंगाच्या चरात बघत होता, शिवप्पा उजव्या. "अगं! अगं ए!" नागप्पा रानाकडं तोंड करून ओरडत होता, आणि हरभरा काढणाऱ्या साऱ्या बायका कंबर सरळ करून, कुणाला बोलावतंय म्हणून बघत होत्या. बायकोचं नाव त्यानं तरी कुठं कधी घेतलं होतं! रस्त्यात मोपेडवर दोन बायका आल्या, तर त्यांच्याकडं दोघांनीही पाहिलं नाही. ते शोधत होते पडलेली बाई. बसलेलीशी त्यांना काय करायचं होतं? उपरणं आता गळ्याशी आलेलं, आणि धुळीनं पांढऱ्या झालेल्या नागप्पाच्या गालांवर पाण्याचे दोन ओघळ इरम्माला स्पष्ट दिसले.

गाडी बाजूनं निघूनही गेली.

"अवो!" इरम्मा ओरडली. हरभऱ्यातली दोन माणसं वळली. "अवो!"

मग तिनं छाती भरून श्वास घेतला, आणि तुळजाबाईच्या कानाचे पडदे, सासूची शिकवण आणि चार लोकांतली लाज हे सगळं एका दमात बाजूला सारलं.

"नागप्पा! ए नागप्पा!"

त्या नावानं त्याला अशी उघड हाक त्याची आई मारायची, आणि ती जाऊन जमाना झाला होता. नागप्पाचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. खडीवर ब्रेक दाबायचा नसतो. गाडी कोलमडली, नागप्पा एका ढिगावर, शिवप्पा दुसऱ्या ढिगावर.

इरम्मा पळत पोचली तेव्हा नागप्पा गुडघा धरून बसला होता. पँट फाटलेली, कोपर सोललेलं, आणि तोंडभर हसू.

"हायस!" तो म्हणाला. "हायस की गं तू!"

रस्ताभर तिनं त्याच्यासाठी ठेवणीतल्या शिव्या जमवल्या होत्या. त्यातली एकही आठवेना. तिचा राग गेला, आणि तिला तो माणूस इतका आवडला की तिनं भर रस्त्यात, भावासमोर, पदरानं त्याचं तोंड पुसलं.

"कळलं कसं न्हाय तुमाला? बायकू उतरली आन् गाडी हलकी झाली न्हाय?"

"झाली की," नागप्पा खाली बघत म्हणाला. "लई हलकी झाली. म्हटलं, मिस्त्रीनं इंजनाचं काम झ्याक केलंय."

शिवप्पानं सदऱ्यावरची खडी झटकली. "अक्का, दाजी दारात येऊन म्हणले, उतर. म्या पोतं न् पिशवी उतरवली. म्हटलं, अक्का? दाजी मागं बघतेत तर मागं कुणीच न्हाय, निस्तं समोरचं घर! भर अंगणात रडाय लागले. म्या तसाच मागं बसलो न् निघालो, फोन बी चार्जिंगला ऱ्हायला." मग त्याला आठवलं. "अक्का, मुहूर्त! बारशाची पूजा सांगायला आलेल्या स्वामींना पुढं दुसऱ्या गावी घरभरणीच्या पूजेला जायचंय."

तुळजाबाईच्या फोनवरून त्यानं बायकोला लावला. नुसता वाजत राहिला. घरात पाळणा म्हणायला सुरुवात झाली असणार. मग फोन कोण उचलतंय? आणि पाळणा सुरू झाला म्हणजे नाव ठेवायला आलंच.

तुळजाबाई आपल्या चालीनं धरणाकडं निघाली, आणि तिघं एका गाडीवर बसली. पुढं नागप्पा, मधी इरम्मा, मागं शिवप्पा. इरम्मानं एका अंगाला पाय सोडले नाहीत. लुगडं आवरलं, दोन्हीकडं पाय टाकून बसली आणि नवऱ्याच्या कमरेला मिठी मारली.

"इरम्मा," नागप्पा मान न वळवता म्हणाला, "बोलत ऱ्हा."

पण आता तिला बोलता येईना. ओरडून घसा बसला होता, आणि जे थोडं उरलं होतं ते काळजीनं घेतलं. मग ती एका हातानं त्याची पाठ थोपटत राहिली. नागप्पानं गाडी अशी हाणली की खडी चाकाखाली यायच्या आत मागं पडत होती.

दारापाशी पोचली तेव्हा आतून पाळण्याचा आवाज येत नव्हता. अंगणात पंगतीच्या पत्रावळी मांडत होते. स्वामी आपली झोळी सावरत कुणाच्यातरी गाडीवर बसत होते. त्यांनी हात वर करून आशीर्वाद दिला आणि गेले. सगळं झालं होतं. अंगणात शिजलेल्या घुगऱ्यांचा वास सुटला होता, तिच्याच हरभऱ्यांचा.

ती आत गेली. जाताना तिनं तोंड पुसलं आणि हसू आणलं. पोर तर भावाची होती. नाव काहीही असलं तरी पोर तिचीच होती. पाळण्यापाशी महेश्वरी बसलेली, आणि एक बाई तिची पाठ चोळून देत होती. म्हणजे बुक्के पडले होते, आणि चांगले सणसणीत पडले होते.

"काय नाव ठिवलंस गं?" इरम्मानं विचारलं. घशातून नुसती हवा आली, पण महेश्वरीला कळलं.

महेश्वरीनं वर पाहिलं, तिला नखशिखांत बघितलं, हातपाय धड असल्याची खात्री केली, आणि मगच तोंड उघडलं.

"स्वामी म्हणले, मुहूर्त टळायलाय. सगळ्याजणी माझ्यामागं हात उगारून हुब्या. वाकले मग. कुर्र केलं. पोरीच्या कानात म्हणलं, तुझी आत्या वाटंला लागलीय गं बाई, जरा दम धर."

"आन् नाव?"

"नाव आत्या ठिवती. म्या चुलत."

"पर तुझं तर ठरलं हुतं."

"हुतं की. लई झ्याक हुतं." महेश्वरीनं डोळ्याला पदर लावला आणि लगेच काढला. "दाजी आले पोतं घिऊन, न् लहान पोरागत रडले. मग माझं नाव माझ्या तोंडातनं निघंना. पयल्याच दिवशी लेकराला काय सांगू, आत्या हरवली म्हणून म्या आले?"

इरम्मानं तिला दंडाला धरून उठवलं आणि पाळण्याजवळ आपल्या शेजारी उभं केलं. दोघी एकदमच वाकल्या. कानात सांगायला घसा लागत नाही. जेवढा उरला होता तेवढा पुरला. मागं बायकांनी पुन्हा हात उगारले. मघाशी नावावाचून अर्धी राहिलेली हौस त्यांनी पुरती भागवून घेतली. आधीच खडीनं पिंजलेल्या इरम्माच्या पाठीवर बुक्के पडत होते, आणि ती हसत होती.

"काय ठिवलं? मोठ्यानं सांगा की!" बायका ओरडल्या.

तिचा आवाज निघाला नाही. महेश्वरीनं शेजारून ऐकलं होतं, तिनंच घरभर ऐकू जाईल असं सांगितलं, "गिरिजा!"

दारात उभ्या असलेल्या शिवप्पाच्या सदऱ्याला अजून खडीची धूळ होती. तो पाळण्यापाशी आला आणि दोरी धरून पोरीवर वाकला. मग त्यानं, जन्मात पहिल्यांदाच, त्या नावानं हाक मारली. पोरीनं एक डोळा उघडला, बापाकडं पाहिलं आणि मोठ्ठी जांभई दिली.